शाळा जूनमध्ये का उघडते?

शाळा कोणत्या तारखेला उघडते, ही आपल्याला निव्वळ प्रशासकीय बाब वाटते. परिपत्रक निघते, वर्तमानपत्रात चौकट येते आणि घरोघरी वह्यापुस्तकांची खरेदी सुरू होते. त्या तारखेलाही काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक जूनमध्ये उघडणाऱ्या शाळेने महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय जीवनात बरेच काही घडवले आहे. मे महिन्याची सुट्टी, आजोळ, कोकणातला आंब्याचा आणि पाहुण्यांचा हंगाम, इतकेच काय, मराठीतील बालपणाच्या आठवणींचे लेखन, या साऱ्यांची मुळे या तारखेत शोधता येतात.

उन्हाळी सुट्टीबद्दल एक समज फार रूढ आहे : देश शेतीचा, म्हणून मुलांना शेतीच्या कामासाठी सुट्टी. हा समज आपल्या पंचांगावर तपासून पाहिला तर टिकत नाही. मे महिन्यात शेतात मशागत चालते हे खरे, पण घरातल्या प्रत्येक हाताची गरज भासते ती खरिपाच्या पेरणीला आणि पुढे भाताच्या लावणीला, म्हणजे जून-जुलैत. नेमक्या त्याच वेळी शाळेची घंटा वाजते. शेतकऱ्याच्या सोयीने वर्ष आखले असते तर शाळा जूनमध्ये बंद राहिली असती. पहिल्या पावसाबरोबर वर्गात बसणारे मूल हे पेरणीतून मोकळे असणारे, म्हणजे प्रामुख्याने शहरातले किंवा गावातल्या बिगरशेतकरी घरातले मूल होते.

अमेरिकेतही अशीच समजूत होती, आणि केनेथ गोल्ड यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती खोडून काढली आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ग्रामीण शाळा उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात भरत. पेरणी-कापणीच्या वसंत-शरदात त्या बंद असत. उन्हाळ्याची लांब सुट्टी आली ती शहरांतून. तिथल्या उकाड्यातून आणि उन्हाळ्यात शहर सोडून जाणाऱ्या सुखवस्तू कुटुंबांच्या सवयीतून ती रूढ झाली.

मुंबई इलाख्यात शहर सोडण्याची ही सवय सर्वांत आधी राज्यकर्त्यांची होती. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन महाबळेश्वर इंग्रजांकडे आले. पुढे इलाख्याच्या सरकारचा वार्षिक क्रमच ठरून गेला : उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस पडले आणि १९०७ मध्ये नेरळहून तिथवर छोटी रेल्वे पोहोचली. उच्च न्यायालयाची उन्हाळी सुट्टीही मेचीच. गोऱ्या साहेबाचा उन्हाळा, वकिलाचा उन्हाळा आणि शाळकरी मुलाचा उन्हाळा एकाच चौकटीत बसतात, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

परंतु ही चौकट वरून आलेली असली तरी तिच्यात रंग भरले ते इथल्या माणसांनी. मुंबईतला चाकरमानी महाबळेश्वरला जाणार नव्हता. तो गावी जाणार होता. परीक्षा आटोपली की बायकामुलांची रवानगी कोकणात, घाटावर, देशावर होई. कोकण किनाऱ्यावर रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांना लागणारी आगबोट पावसाळ्यात बंद असे. त्यामुळे परतीचा दिवस शाळेइतकाच समुद्रही ठरवी. एका बाजूला परीक्षेचा शेवटचा पेपर, दुसऱ्या बाजूला खवळू लागलेला दर्या, आणि या दोहोंच्या मध्ये पिकणारा आंबा. मराठी कुटुंबाची सुट्टी या तीन गोष्टींनी आखली होती.

या प्रवासाला आपण पर्यटन म्हणत नव्हतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जाणारा ‘पाहुणा’ होता, ‘पर्यटक’ नव्हता. पैशाची देवाणघेवाण होतच होती, पण ती लुगड्याच्या, औषधांच्या, मनीऑर्डरीच्या रूपाने. परतताना गाठोड्यात फणसपोळी आणि कुळथाचे पीठ येई. १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले, १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्यानंतर पाहुण्याच्या जोडीला गिऱ्हाईक आले. ज्या माजघरात भाचरांची अंथरुणे पडत, त्याच्या शेजारी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. मे महिना आता अनेक घरांच्या वर्षभराच्या हिशेबात मोजला जातो.

इथे अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचे उदाहरण उपयोगी पडते. तिथे १९८६ मध्ये कायदा झाला की, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगार दिनापूर्वी, विशेष सवलत नसल्यास, शाळा उघडू नयेत. हेतू उघड होता : ऑगस्टअखेरपर्यंत कुटुंबे सहलीला मोकळी राहावीत आणि शाळा-महाविद्यालयांत शिकणारे तरुण हंगामी नोकरीला मिळावेत. लोक त्या कायद्याला किंग्ज डोमिनियन या मनोरंजन उद्यानाच्या नावाने ओळखत. २०१९ मध्ये तो सैल करून कामगार दिनाच्या दोन आठवडे आधीपर्यंत शाळा उघडण्याची मुभा देण्यात आली. जर्मनीने वेगळा मार्ग धरला. १९६४ च्या हॅम्बुर्ग करारानुसार तिथल्या राज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या मागेपुढे ठेवल्या जातात, जेणेकरून रस्त्यांवर आणि विश्रामस्थळी सारा देश एकाच दिवशी लोटू नये. दोन्हीकडे शाळेची तारीख हा खुल्या सार्वजनिक वाटाघाटीचा विषय आहे.

आपल्याकडे तशी वाटाघाट होत नाही. आणि आपला प्रश्नही उलटा आहे. व्हर्जिनियात भांडण होते ते शाळा उघडण्याच्या तारखेवरून, कारण तिथला हंगाम शाळा उघडेपर्यंत चालतो. कोकणाचा हंगाम शाळेची वाट पाहत नाही. जलक्रीडा आणि किल्ल्यांकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या मेच्या अखेरीस बंद होतात, त्या ऑगस्टअखेरपर्यंत. आंबाही तोवर संपत आलेला असतो. म्हणून कोकणच्या दृष्टीने निर्णायक तारीख शाळा उघडण्याची नसून शाळा सुटण्याची आहे.

२०२५ मध्ये हे स्पष्ट दिसले. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर ८ ते २५ एप्रिल या काळात एकाच वेळापत्रकाने घेण्याचे ठरले. त्यामागचा विचार गैर नव्हता : परीक्षा लवकर उरकल्या की एप्रिलभर वर्ग ओस पडतात आणि अध्यापनाचे दिवस वाया जातात. आक्षेप आले ते उन्हाचे, निकालासाठी उरणाऱ्या अपुऱ्या दिवसांचे आणि आधीच ठरलेल्या प्रवासाचे. त्यात पाऊस लवकर आला. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्या वर्षी हवामान विभागाने तो २६ मे रोजी पोहोचल्याचे जाहीर केले. शाळा उघडल्या १६ जूनला, विदर्भात उन्हामुळे २३ जूनला. कागदावर सुट्टी सात आठवड्यांची होती. कोकणात मात्र तिचा कोरडा भाग जेमतेम महिन्याचा ठरला. खोल्या भाड्याने देणाऱ्याच्या, होडीवाल्याच्या आणि आंबा विकणाऱ्याच्या हिशेबात ही तूट कोणत्या परिपत्रकामुळे आली, हे कुठेच लिहिले जात नाही.

दुसरा बदल अधिक खोल आहे. केंद्रीय मंडळाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. एका भावाची मुले राज्य मंडळात आणि दुसऱ्याची केंद्रीय मंडळात असतील, तर एकीकडे परीक्षा चालू असताना दुसरीकडे नवे पुस्तक उघडलेले असते. आजोळ ही नुसती जागा नव्हती. सगळी मावस-मामे भावंडे एकाच वेळी मोकळी असण्याची ती व्यवस्था होती. ती एकवेळ मोडली की घर तेच राहते, आजीही तीच राहते, पण भावंडे पाळीपाळीने येतात.

साहित्याच्या अभ्यासकाला यातून आणखी एक प्रश्न पडायला हवा. आपल्या आठवणींच्या लेखनातला मे महिना बहुधा गावी जाणाऱ्या मुलाचा आहे. विहिरीचे पाणी, गोठ्याचा वास, झाडावरचा आंबा, सारे त्याच्या नजरेतून येते. त्याच सुट्टीत पाहुण्यांसाठी पाणी भरणारे, आंबे उतरवणारे आणि जूनमध्ये शाळेऐवजी चिखलात उतरणारे मूल त्या लेखनात बहुधा सवंगडी म्हणून येते, निवेदक म्हणून क्वचितच. शाळेची तारीख त्याच्या घरच्या कामाकडे पाहून ठरली नव्हती, आणि त्या तारखेने घडवलेल्या वाङ्मयातही त्याला पुरेशी जागा मिळाली नाही.

आज जूनऐवजी एप्रिल योग्य की अयोग्य, अशी चर्चा होते तेव्हा ती अभ्यासक्रम आणि स्पर्धापरीक्षा यांच्याच भाषेत होते. जूनची तारीखही कोणा शेतकऱ्याला विचारून ठरली नव्हती, तेव्हा तिला पवित्र मानण्याचे कारण नाही. पण तिच्याभोवती शंभरेक वर्षांत लोकांनी आपले जगणे बेतले आहे. ती हलवायची असेल, तर ज्यांच्या अंगणात ती सुट्टी उतरत होती त्यांनाही या वेळी विचारले जावे.