‘श्यामची आई’ : ऐकण्याकडून पाहण्याकडे

ग्रंथावरून चित्रपट निघाला की मूळ कृतीला कितपत न्याय मिळाला, हा वाद वाचकांत हमखास रंगतो आणि बहुधा वगळलेल्या प्रसंगांची यादी करून थांबतो. ‘श्यामची आई’च्या बाबतीत मात्र खरा प्रश्न प्रसंगांचा नसून सांगणाऱ्याचा आहे.

साने गुरुजींनी या पुस्तकाचा बहुतांश भाग नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या अवघ्या पाच दिवसांत लिहिला. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, एकूण बेचाळीस. प्रौढ झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे या पुस्तकात श्याम दोन आहेत. एक कोकणातल्या पालगडचा हट्टी, भित्रा, आईवर रुसणारा मुलगा. दुसरा त्या मुलाकडे वळून पाहणारा, आईला आपण किती दुखावले हे उमगलेला पुरुष. गुरुजींची आई १९१७ सालीच निवर्तली होती. पुस्तकातला गहिवर पुष्कळांना अतिरेकी वाटतो; पण तो त्या दुसऱ्या श्यामचा आहे, लहानग्याचा नव्हे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

आचार्य अत्रे यांनी १९५३ साली हा चित्रपट निर्माण केला व दिग्दर्शितही केला. तो पाहण्यास गुरुजी हयात नव्हते. ११ जून १९५० रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला होता. पडद्यावर सारे ‘आत्ता’ घडते. त्यामुळे सांगणारा श्याम मागे सरतो आणि पोर व माय समोरासमोर उभी राहतात. पोहण्याचाच प्रसंग घ्यावा. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई शिंपटीने झोडपते. वाचताना तो मार आपण कृतज्ञ मुलाच्या तोंडून ऐकतो. घाव बसण्याआधीच त्याला क्षमा झालेली असते. पडद्यावर मात्र ती क्षमा सांगायला कोणी नसते. मुलाचे भेदरणे आणि आईचा उगारलेला हात एवढेच दिसते, आणि त्या हातामागचे काळीज सारे चेहऱ्यावर आणावे लागते.

तो चेहरा वनमालाबाईंचा होता. उज्जैनला जन्मलेल्या आणि ग्वाल्हेरच्या पवार घराण्यात वाढलेल्या या अभिनेत्रीला प्रेक्षक तोवर ‘सिकंदर’ (१९४१) मधील रुखसाना म्हणून ओळखत होते. कोकणातल्या दरिद्री घरातली सोशिक माउली उभी करण्यासाठी माळव्या-ग्वाल्हेरकडची सुविद्य कन्या निवडावी, हे अत्र्यांचे धाडसच! (महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने याचा थोडा अभिमान बाळगला तर त्याला कोणी दोष देऊ नये.) माधव वझे यांच्या श्यामसमोर ही आई कोठेही गोड झाली नाही, ती करारीच राहिली. अत्र्यांची लेखणी, वसंत देसाईंचे संगीत आणि आशा भोसले यांचा स्वर यांतून आलेले द्रौपदीच्या पितांबराचे गीत ही तर चित्रपटाचीच कमाई; छापील पानाला गळा नसतो.

राष्ट्रपतींचे सुवर्णपदक १९५४ साली प्रथमच दिले गेले आणि ते या चित्रपटाला मिळाले. सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा मान मराठीला पुन्हा मिळण्यासाठी २००३ सालच्या पुरस्कारांपर्यंत, ‘श्वास’ची वाट पाहावी लागली.

या यशाची किंमत पुस्तकाने चुकवली, ती अशी की त्यानंतरच्या पुष्कळ वाचकांच्या मनात पान उघडण्यापूर्वीच वनमालाबाई उभ्या राहू लागल्या. पूर्वी ज्याला त्याला आपापली आई दिसत असे. शिवाय आश्रमातली ती रात्र, ते ऐकणारे सोबती आणि सांगणाऱ्याची टोचणी हे सगळे धूसर झाले. पुस्तक केवळ लहान मुलांचे मानले जाऊ लागले, आणि हा गैरसमज काही क्षुल्लक नव्हे.

२०२३ साली सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर पुन्हा कृष्णधवल चित्रपट काढला. त्यात ओम भूतकर यांनी प्रौढ साने गुरुजींची भूमिका केली. सत्तर वर्षांनी सांगणारा श्याम पुन्हा पुढे आला, आणि त्याच्यासोबत त्याचा तुरुंगही.