1865 नंतरची मुंबई : बंदराचे पुनरुत्थान आणि माणसांचा हिशेब

अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात (1861–65) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस दुर्मिळ झाला आणि लिव्हरपूलचा बाजार मुंबईकडे वळला. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे याच भरतीतले पुस्तक (1863). ग्रंथकार 1865 मध्ये निवर्तले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि 1 जुलैला वायद्यांची मुदत भरताच शहराचे दिवाळे उघडे पडले. ओहोटीची मुंबई या ग्रंथात नाही, ती अशी. आपले अभ्यासक मात्र एकोणिसाव्या शतकातील ‘मुंबई’ म्हणून बहुधा याच ग्रंथाकडे बोट दाखवतात.

समुद्र हटवून जमीन निर्माण करण्याच्या योजनांवर सट्ट्याचा सर्वाधिक भर होता. बॅक बे कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कित्येक पट चढले होते. कंपनी बुडाली आणि त्या किनारपट्टीवर पुढे बी. बी. सी. आय. रेल्वेचे रूळ आले. जुनी बँक ऑफ बॉम्बेही 1868 मध्ये गुंडाळली गेली. शहर सावरले ते सट्टेवाल्यांच्या माहितीपत्रकांतून नव्हे. एल्फिन्स्टन कंपनीची धक्क्यांसह मालमत्ता सरकारने 1870 मध्ये विकत घेतली, 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक खुला झाला. दरम्यान 1869 मध्ये सुएझ कालवा सुरू झाला होता. तो नसता तर हा उद्योग कितपत फळला असता, ही शंका रास्त आहे. राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. त्यासाठीची प्रेमचंद रायचंद यांची देणगी मात्र तेजीतली. म्हणजे मंदीत उभ्या राहिलेल्या या वास्तूचा पैसा मंदीपूर्वीचा होता.

इमारती मोजल्या तर पुनरुत्थान पंधरा वर्षांत झाले. माणसे मोजली तर? 1864 च्या गणनेत लोकसंख्या 8,16,562 होती. 1872 मध्ये ती 6,44,405 भरली. पहिली गणना तेजीच्या ऐन गर्दीतली, त्यामुळे तुलना सावधपणे करावी लागते. तरीही 1881 चा आकडा 7,73,196 च आहे, आणि 1864 ची पातळी ओलांडली गेली ती 1891 मध्ये. तोवर गोदीतून पहिली जहाजे जाऊन अकरा वर्षे लोटली होती.

दिनशा वाच्छा यांनी या पर्वावर 1910 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याचा विषय बँका, कंपन्या आणि सट्टा हा आहे.