परका हात, घरचे नाव

पगार घेऊन परक्या माणसाची शुश्रूषा करणारी प्रशिक्षित परिचारिका महाराष्ट्रात दिसू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांत. त्याआधी आजारपण घरातच काढले जाई. उशाशी बसणे आई, सासू, सून, बहीण यांच्यापैकी कोणाच्या तरी वाट्याला येई. बाळंतपणाला सुईण यायची, पण तीही गावातलीच, ओळखीची. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाय मानले आहेत. त्यांत वैद्य, औषध आणि रोगी यांच्या पंक्तीला परिचारक बसतो. त्याला उपचारांची माहिती हवी, तो तत्पर आणि स्वच्छ हवा, शिवाय त्याच्या मनात जिव्हाळा हवा, अशी अपेक्षा तिथे आहे. ग्रंथात त्याला असा मान मिळाला. व्यवहारात मात्र हे काम घरातल्या बायकांकडे गेले आणि त्याला काम म्हणायचीही पद्धत उरली नाही.

मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले, पुण्याचे ससून १८६७ मध्ये. या इमारतींकडे लोक बराच काळ संशयानेच पाहत. ज्याला घर आहे आणि घरात माणसे आहेत, त्याने तिथे का जावे, हा प्रश्न त्या काळी अगदी रास्त होता. परिचर्येचे पद्धतशीर शिक्षण आले ते प्रामुख्याने स्त्रियांच्या रुग्णालयांतून. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये उघडले. तिथल्या डॉक्टर एडिथ पेची यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाची सोय केली. जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये काशीबाई गणपत शिकायला आल्या. परिचर्येच्या इतिहासात प्रशिक्षण घेणाऱ्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

अशा बायका फार थोड्या होत्या, कारण अडचण स्पर्शाची होती आणि ती दोन्ही बाजूंनी होती. रक्त, पू, ओकारी, मलमूत्र यांना हात लावणे हे समाजाने ठराविक जातींवर टाकलेले काम. त्यात अनोळखी पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचे, म्हणजे बाईच्या अब्रूचाच प्रश्न. रुग्णाची अडचण उलट्या दिशेची: जिच्या हातचे पाणी घरी चालले नसते, तिच्या हातून औषध कसे घ्यायचे? म्हणून सुरुवातीच्या परिचारिकांत युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती बायकाच अधिक दिसतात. मिशनरी रुग्णालयांनी या बायकांना शिकवले. या रुग्णालयांपैकी डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभारलेले मिरजेचे रुग्णालय पुढे दक्षिण महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत झाले.

‘सिस्टर’ हा शब्द मूळचा ख्रिस्ती जोगिणींचा. युरोपात आजाऱ्यांची सेवा मठातल्या बायका करीत. त्यांचे संबोधन इंग्लंडच्या रुग्णालयांत वॉर्डप्रमुख परिचारिकेला चिकटले आणि तिथून इकडे आले. मराठी रुग्णाने मठ पाहिला नव्हता, पण बहीण त्याला ठाऊक होती. परक्या बाईने अंग पुसणे, कपडे बदलणे, बेडपॅन देणे सुसह्य व्हायचे तर तिला नात्यात ओढून घेणे हा आपल्याकडचा हमखास उपाय. आयात झालेला शब्द इथे इतका रुजला, तो त्यामुळेच असावा.

या नात्याची पहिली मोठी कसोटी प्लेगने घेतली. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच. संताप सक्तीने उचलून नेण्याचा होता. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची खात्री झाली होती. पुढे मुंबई-पुण्यात निरनिराळ्या जातींनी आणि समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये काढली. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग हॉस्पिटल उभे राहिले. आपल्या माणसाला आपल्याच माणसाने हात लावावा, एवढाच या सगळ्याचा अर्थ.

त्याच साथीत याच्या अगदी उलट गोष्टही घडली. सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर असलेल्या आपल्या मुलाच्या, यशवंतच्या साथीने हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात प्लेगग्रस्तांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सावित्रीबाईंकडे परिचर्येचे प्रमाणपत्र नव्हते. पण परक्या जातीच्या रोग्याला उचलून पाठीवर घेणे हे त्या काळात प्रमाणपत्रापेक्षा अवघड होते.

मध्यमवर्गीय हिंदू बायका या पेशात आल्या त्या सेवासदनमुळे. रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले. संस्थेच्या मुलींना, त्यांतही विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळू लागले. ज्या विधवेचे दर्शन घरच्या कार्यात अपशकुनी मानले जाई, तिचीच आता वॉर्डात वाट पाहिली जाऊ लागली. १९३५ मध्ये मुंबई प्रांतात परिचारिका आणि सुइणींच्या नोंदणीचा कायदा झाला. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशभरातल्या परिचारिका सुमारे ७,००० धरल्या, म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक. स्वातंत्र्यानंतर केरळमधून मोठ्या संख्येने मुली आल्या. ‘दुखतंय का?’, ‘कूस बदला’, ‘जेवलात का?’ एवढ्या मराठीवर त्यांनी मुंबईतले वॉर्ड सांभाळायला सुरुवात केली.

रुग्ण आणि परिचारिका यांच्यातली रेघ पूर्ण पुसली गेली ती परळच्या केईएम रुग्णालयात. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूला रक्त पोहोचले नाही आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. सहकारी परिचारिकांनी त्या वेळी संप केला. पुढे अरुणा यांना रुग्णालयातून हलवण्याच्या हालचाली झाल्या, तेव्हाही परिचारिका आडव्या आल्या. वॉर्ड क्रमांक चारच्या बाजूच्या खोलीत अरुणा जवळजवळ ४२ वर्षे होत्या. ज्यांनी त्यांना कधी हिंडता-फिरताना पाहिले नव्हते, अशा मुलीही नोकरीला लागून त्यांचे करू लागल्या. १ जूनला अरुणा यांचा वाढदिवस होई.

इतकी वर्षे पडून असलेल्या या देहावर शय्याव्रण होऊ दिले नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. शय्याव्रण म्हणजे बेडसोर. तो टाळायचा तर दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची सुरकुती काढायची, पाठ कोरडी करून टाचा, माकडहाड, खांदे निरखायचे. त्वचा लालसर दिसली की तेवढा भाग दाबाखाली येऊ द्यायचा नाही. हे दिवसातून बारा वेळा, आणि तसे जवळजवळ ४२ वर्षे. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिका करणाऱ्या लेखिकेचा नसून केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असेही सांगितले. शुश्रूषेतून निर्माण झालेले नाते कायद्याने मान्य केल्याचे असे उदाहरण विरळाच. १८ मे २०१५ रोजी अरुणा यांचे निधन झाले.

असे एका रुग्णामागे अनेक हात सहसा लाभत नाहीत. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे, पण रात्रपाळीला एकटीवर अख्खा वॉर्ड ही तक्रार फार जुनी. राहिलेले काम खाटेखाली चटई टाकून झोपणारा नातेवाईक करतो: भरवणे, पुसणे, सलाईन संपत आली की ‘सिस्टर!’ अशी हाक मारणे. घरातून रुग्णालयात आलेली शुश्रूषा अशी अर्धी घरच्यांकडेच राहिली. २०२० च्या कोरोना साथीत नातेवाईकांना आत येऊ दिले नाही, तेव्हा ती प्रथमच सगळी परिचारिकेवर आली. पीपीई किटमध्ये चेहरा दिसत नसल्याने पाठीवर-छातीवर मार्करने नाव लिहिलेले असायचे. एरवी नुसती ‘सिस्टर’ असणारी बाई त्या काही महिन्यांत रुग्णांना नावाने कळली.

सरकारी आणि महापालिकेच्या वॉर्डांत आजही परिचारिका ‘सिस्टर’ असते, पुरुष परिचारक ‘ब्रदर’, आया ‘मावशी’ आणि वॉर्डबॉय ‘मामा’. गल्लीतला डॉक्टर मुलांचा डॉक्टरकाका होतो, पण राउंडला येणारे डॉक्टर मात्र ‘सर’ आणि ‘मॅडम’च.