बलांगिगाच्या घंटा

फिलिपाईन्सच्या पूर्व सामार प्रांतांत बलांगिगा येथें ता. २८ सप्टेंबर १९०१ रोजीं गांवकऱ्यांनीं अमेरिकन पलटणीवर छापा घातला. चाळिसांहून अधिक शिपाई पडले. सूडार्थ जनरल जेकब स्मिथ यानें दहा वर्षांवरील, शस्त्र धरूं शकणाऱ्या सर्वांस मारण्याचा हुकूम सोडला. गांव जळालें, आणि देवळाच्या तीन घंटा विजयचिन्हें म्हणून नेण्यांत आल्या. दोन वायोमिंगांत राहिल्या, एक पुढें कोरियांतील छावणींत! नवी घंटा कोणासही ओततां येते. परंतु मेलेल्यांची साक्ष देणारी तीच हवी, हा गांवाचा आग्रह आम्हांस रास्त वाटतो. कांहीं निवृत्त अमेरिकन सैनिकांचा विरोध होता. त्यांचेंही दुःख खोटें नव्हे. अखेर ता. १५ डिसेंबर २०१८ रोजीं त्या गांवीं परतल्या. दुसऱ्याच पहाटे नाताळापूर्वींच्या नऊ मिस्सांचा आरंभ होता.