शेनाळ्याच्या घाटात डबल क्लच

साल १९७४. कोकणातल्या मंडणगडच्या स्टँडवर आषाढातला पाऊस नुकता उघडलाय. एसटीच्या लाल गाडीत तुम्ही ड्रायव्हरच्या जागेवर चढता. इंजिन तुमच्या डाव्या मांडीला लागूनच, पत्र्याच्या झाकणाखाली धडधडतंय. वर टाकलेलं गोणपाटही तापलंय. पलीकडे खाकी कपड्यांतले उस्ताद. मागची बाकं रिकामी. आजची फेरी शिकण्यापुरतीच, शेनाळ्याच्या घाटातून म्हाप्रळपर्यंत आणि परत.

तुम्ही पन्नास वर्षं मागे आलात ते नो-लिफ्ट शिफ्ट शिकायच्या ओढीनं. रेसवरचा पाय न उचलता गिअर बदलायचा, एवढंच तुम्हाला त्याबद्दल माहीत आहे. पण पाय उचलायचा कशासाठी असतो, हे कळायला याच केबिनमध्ये बसावं लागतं. या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही.

बाजारपेठ मागे पडते. तुम्ही सवयीनं क्लच दाबता आणि दांडा दुसऱ्यातून तिसऱ्यात ढकलता. खर्रर्र! दांडा तळहातावर उलटा आदळतो.

“मारू नको गिअर,” उस्ताद म्हणतात. “आधी ऐक.”

समजा, इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेतंय आणि त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये त्याला १,५०० च घ्यायचेत. मधले नऊशे फेरे कुठेतरी उतरायला हवेत, नाहीतर दाते एकमेकांवर घासणारच. म्हणून क्लच दोनदा. एकदा दाबून दांडा न्यूट्रलला, क्लच सोडा, इंजिनाचा आवाज खाली येऊ द्या; पुन्हा दाबा, आता तिसरा. तो आवाज नेमका कुठवर उतरला की दाते जुळतात, हे सांगणारा काटा समोर नाही. कानच सांगतो. चौथ्या-पाचव्या खेपेला दांडा आपसूक आत जातो आणि तुमच्या खांद्यातला ताण सुटतो.

उताराला उस्ताद आधीच दुसरा टाकायला लावतात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. उतारावर दांडा न्यूट्रलला अडकला, तर इंजिनाचा आवर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. खाली प्रत्येक वळणापलीकडे दरी आहे. मला डबल क्लचचं मोल वाटतं ते इथे. ही कसरत हौसेची नव्हती. कोकण रेल्वे यायला अजून दोन तपं होती आणि मंडणगडच्या माणसांचं येणं-जाणं या रस्त्यांवर, या गाड्यांवर, त्या चालवणाऱ्यांच्या कानांवर चाललं होतं.

म्हाप्रळला सावित्री नदी गढूळ होऊन वाहतेय. खाडीचा वारा तोंडावर घेत तुम्ही डोळे मिटता.

उघडता तेव्हा डोक्यावर हेल्मेट आहे. अमेरिकेतला रेस ट्रॅक, आजचा काळ, गाडी कॅडिलॅक सीटी५-व्ही ब्लॅकविंग. ६.२ लिटरचं, सुपरचार्जर लावलेलं व्ही-८ इंजिन, ६६८ हॉर्सपॉवर, आणि चक्क हाताचा सहा गिअरचा गिअरबॉक्स. सिंक्रोमेश पहिल्यांदा बाजारात आणलं ते याच कॅडिलॅकनं, १९२८ मध्ये. दाते भिडण्याआधी पितळी कडी आणि शंकू एकमेकांवर घासून वेग जुळवतात. शेनाळ्यात तुमचा कान करत होता ते काम.

सरळ पट्टा येतो. उजवा पाय तळाला. आता क्लच, आणि उजवा पाय तिथेच. सगळं अंग म्हणतं, उचल! तुम्ही उचलत नाही. क्लच दाबल्याचं कळताच संगणक इंजिनाची ताकद क्षणभर तोडतो, फेरे भरकटू देत नाही. दांडा ओढला, क्लच सोडला, पाठ सीटमध्ये रुतते. २००८ च्या शेव्हरोले कोबाल्ट एसएस टर्बोतही ही सोय होती, आणि तिथे तिचा उपयोग फार स्पष्ट दिसतो: पाय उचलला की टर्बोचा दाब पडतो, न उचलता तो टिकतो. मात्र ज्या गाडीत ही सोय दिलेली नाही, तिच्यात असं केलं तर इंजिन बेफाम फिरतं आणि क्लच जळू शकतो. भर रस्त्यावर, घाटात तर हे करूच नये.

पुन्हा म्हाप्रळ. आता चढण, आणि हे जास्त अवघड आहे. तिसऱ्यात इंजिन दमतं, दुसरा हवा. खाली येताना हिशेब उलटा: न्यूट्रलला क्लच सोडून रेस द्यायची, फेरे वर न्यायचे. त्यातच चढणीवर गाडी क्षणाक्षणाला मंदावते, म्हणजे जुळवायचा आकडाही सारखा सरकतोय. उशीर केलात तर गाडी थांबेल. कॅडिलॅकमध्ये हीच रेस संगणक स्वतः देतो. इथे संगणक नाही.

क्लच. न्यूट्रल. क्लच सोडला, रेस, आवाज वर चढतो, चढतो... क्लच, दुसरा.

काही वाजत नाही. गाडी चढण धरते. तुम्ही अपेक्षेनं डावीकडे बघता, पण उस्तादांचं लक्ष तुमच्याकडे नाही. खिडकीतून ते खालच्या खाचरातली लावणी बघतायत.