सेगाव की सेवाग्राम?

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. तिकडे बुलढाण्यात शेगाव होतेच. नावे सारखी, त्यामुळे टपालाची चुकामूक होई. म्हणून १९४० साली सेगावचे 'सेवाग्राम' झाले. टपालाचा घोळ मिटला, पण इतिहासाच्या नोंदी ठेवणाऱ्याचा सुरू झाला. नुसते 'सेवाग्राम' शोधले, तर आधीची चार वर्षे हाती लागत नाहीत!

जिल्ह्याची टिपणे मी संगणकावर, ईमॅक्सच्या ऑर्ग-मोडमध्ये ठेवतो. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने ते २००३ साली लिहिले. ओळीच्या आरंभी एक तारका म्हणजे मथळा, दोन तारका म्हणजे पोटमथळा. इतके सोपे. त्याला २०२० साली जेथ्रो कुआन यांनी ऑर्ग-रोम नावाची पुरवणी जोडली. तिच्यात एकाच टिपणाला दुसरे नाव देता येते. 'सेगाव' शोधले की 'सेवाग्राम'चे टिपण उघडते. इतर कोणत्या टिपणांतून त्याला दुवा दिला आहे, तेही दिसते.

पण मंडळी, म्हणून जुन्या पत्रातले नाव कोणी बदलू नये. १९३८ च्या पत्रात सेगावच राहू द्यावे. सांधा पुरवणीने जोडावा. ऑर्ग-रोमची यादी पुसली गेली तरी ती पुन्हा तयार होते, कारण दुसरे नावही टिपणातच साध्या अक्षरांत लिहिलेले असते. उद्या पुरवणी बंद पडली, तरी नातवाला ही टिपणे कुठल्याही साध्या एडिटरमध्ये वाचता येतील. मूळ मजकूर पुरवणीच्या ओलिस राहू नये, एवढे सांभाळले की पुरे.