पत्ते संपल्यावर आलेलं इंटरनेट

घरातल्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'वॅन आयपी' अशी एक ओळ असते. तिथे १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधल्या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याचा फोटो काढून ठेवा. इतिहासाची साधनं म्हटलं की आपल्याला दफ्तरखाना आणि पत्रव्यवहार आठवतो. पण हा पत्तासुद्धा साधन आहे. घरी इंटरनेट कधी आणि कुठल्या अटींवर पोचलं, हे त्यावरून बरंचसं वाचता येतं.

उदाहरण आर्णीचं घेऊ. यवतमाळहून महागाव-उमरखेडकडे जाताना लागणारं हे तालुक्याचं गाव. तिथल्या एका लिनक्सच्या हौशी गृहस्थांनी जुन्या डेस्कटॉपवर डेबियन टाकून घरचा सर्व्हर उभा केलाय. त्यावर नेक्स्टक्लाउड आहे, त्यात घरच्यांचे फोटो आणि सातबाऱ्याचे स्कॅन. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. घरातल्या वाय-फायवर सगळं झकास चालतं. पुण्यात शिकणाऱ्या मुलीला मात्र त्यातलं काहीच उघडता येत नव्हतं. 'पोर्ट फॉरवर्डिंग चुकलं असेल, परत बघा,' असं त्यांना जो तो सांगायचा. त्यांनी ते कितीतरी वेळा तपासलं. पोर्ट फॉरवर्डिंग बरोबरच होतं.

अडचण कुठे होती, ते समजायला जुनी लग्नपत्रिका आठवा. घरोघरी फोन नव्हते तेव्हा पत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर छापायचे आणि त्यापुढे 'पी.पी.' लिहायचे. फोन आला की शेजारी हाक मारायचा. राउटर हाच आपला शेजारी. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे 'माझ्यासाठी फोन आला तर मला हाक मार' असं त्याला सांगून ठेवणं. आर्णीच्या घरात गंमत अशी की या शेजाऱ्याकडेही स्वतःचा फोन नाही. त्याचाही नंबर पी.पी.च, आणि तो दूर कुठेतरी कंपनीच्या यंत्रात. ते यंत्र असंख्य घरांना मोजक्या पत्त्यांवर बसवतं. आपण बाहेर फोन लावला की तो लागतो. बाहेरून आलेला फोन कुणाचा, हे त्याला कळत नाही आणि आपण त्याला सांगूही शकत नाही. याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात.

आता इतिहासाकडे. भारतात अर्नेट १९८६ मध्ये सुरू झालं. सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, मुंबईची एनसीएसटी, बंगळुरूची आयआयएससी आणि तेव्हाच्या पाच आयआयटी अशा आठ संस्था त्यात होत्या. त्यांना १४४.१६ ने सुरू होणारा 'क्लास बी' पत्तासंच मिळाला. म्हणजे ६५,५३६ पत्ते, आठ संस्थांना! (हा संच १९९० मध्ये 'इंटरनिक'कडून मिळाला असं बऱ्याच ठिकाणी वाचाल. पण इंटरनिक सुरूच झाली १९९३ मध्ये. एकमेकांची नक्कल करत पसरलेली वाक्यं अशीच पकडायची असतात.)

इंटरनेटच्या आयपीव्ही४ या पद्धतीत एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच कळलं होतं. मे १९९४ च्या आरएफसी १६३१ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी नॅटची कल्पना मांडली, ती तात्पुरता उपाय म्हणून. तसं त्यात स्पष्ट लिहिलंय. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ठरवणारे मसुदे. कुणालाही फुकट वाचता येतात, तारखेसकट. तंत्रज्ञानाच्या इतिहासात इतकं नीट जपलेलं प्राथमिक साधन क्वचित मिळतं, तरी आपल्याकडचे विद्यार्थी ते 'इंजिनिअरांचं काम' म्हणून सोडून देतात. मला हे पटत नाही. कायमचा उपाय आयपीव्ही६ चा. त्याचा पहिला मसुदा डिसेंबर १९९५ चा आहे. पण तात्पुरता उपायच मुरला. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटले गेले. १५ एप्रिल २०११ पासून आशियात रेशनिंग सुरू झालं. एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ ने १००.६४ चा पट्टा खास कंपन्यांच्या नॅटसाठी राखून ठेवला. आर्णीच्या राउटरवरचा आकडा आला तो इथून.

जिओची सेवा सुरू झाली ५ सप्टेंबर २०१६ ला, आणि लहान गावांत घराघरांत इंटरनेट गेलं ते मुख्यतः त्यानंतर. या दोन तारखा शेजारी ठेवून बघा. पत्ते संपल्यावर पाच वर्षांनी ही घरं रांगेत आली.

इथे एक सापळा आहे. स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांच्या जगात एक लाडकी कथा असते: पूर्वी इंटरनेट सगळ्यांचं होतं, मग मोठ्या कंपन्यांनी ते हिरावून घेतलं. ही कथा विद्यापीठांची आणि श्रीमंत देशांची आहे. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी सेवा सुरू केली. त्यात स्वस्त खातं होतं ते फक्त मजकुरापुरतं, दुसऱ्याच्या संगणकावर जाऊन वापरायचं. पुढे बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर, बदलता का होईना, सार्वजनिक पत्ता सहसा मिळायचा. पण त्यासाठी घरी लँडलाइन आणि संगणक दोन्ही हवेत. अशी घरं तालुक्याच्या गावात किती असणार? म्हणून आर्णीबद्दल 'गमावलं' हे क्रियापद वापरताना जपून. बहुतेक घरांना ते कधी मिळालंच नव्हतं. दुसरीकडचा कालखंड उचलून आपल्या गावावर लावला की प्रबंधाचा पायाच वाकडा होतो.

त्या गृहस्थांनी शेवटी मुंबईच्या डेटा सेंटरमधलं छोटं यंत्र महिन्याच्या भाड्याने घेतलं. आर्णीच्या सर्व्हरपासून तिथपर्यंत वायरगार्डचा बोगदा टाकला. वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, त्यामुळे वेगळी खटपट फारशी नाही. पोरगी पुण्यातून मुंबईचा पत्ता उघडते आणि पोचते आर्णीच्या डेस्कटॉपपाशी. फोटो घरचे, डिस्क घरची, पत्ता तेवढा भाड्याचा. याला स्वतःचा सर्व्हर म्हणायचं का, यावर आमचा वाद अजून चालू आहे.

या विषयावर मुलाखती घेणार असाल तर 'इंटरनेट कधी आलं' एवढंच विचारू नका, उत्तर 'जिओ आलं तेव्हा' इतकंच येतं. राउटरचं पान, जुनी बिलं, फोनच्या सेटिंगमधला आयपी दाखवायला सांगा. फोनवर बहुधा आयपीव्ही६ चा लांबलचक पत्ताही दिसेल, कारण जिओचं जाळं उभारतानाच ते वापरलं गेलं. तो पत्ता सार्वजनिक असू शकतो, पण बाहेरून येणारी जोडणी पुष्कळदा वाटेतच अडवलेली असते. ते प्रत्यक्ष करून बघावं लागतं. आणि असे स्क्रीनशॉट प्रबंधात छापण्याआधी शेवटचे आकडे झाका. कुणाच्या घराचा पत्ता आपण परवानगीशिवाय छापत नाही, तोच नियम इथेही.